इंजिनियरिंगची पोरं, वेंगुर्ल्याचा काजू आणि आपली उसाची मोळी



यंदाच्या वार्षिक सभेत एक प्रश्न निघाला. इंजिनियरिंगची पदवी घेऊन पुढचे शिक्षण घेणारी काही मुले कारखान्याकडे 'प्रॉजेक्ट' मागायला आली आहेत. त्यांना हंगामापुरती राहायला खोली, वर्कशॉपात एक कोपरा आणि सामानाचा थोडाफार खर्च द्यावा काय, असा विषय होता. तेव्हा मागच्या रांगेतून एक सभासद उठून म्हणाले, "पोरांनी कॉलेजात शिकावं. आमच्या उसाच्या पैशात शाळा कशापायी?" टाळ्याही पडल्या. प्रश्न रोखठोक आहे आणि पैसा सभासदांचा आहे. विषय पुढच्या सभेवर गेला आहे. मधल्या काळात हे प्रॉजेक्ट म्हणजे काय, त्यात कुणाचे काय भले होते आणि पैसा कुठे वाया जातो, हे नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख.

पदवीधर इंजिनियर म्हणजे सगळे शिकलेला, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे. शाफ्ट किती जाड घ्यावा, मोटार किती अश्वशक्तीची लागेल, हे तो गणित मांडून काढील. पण त्याला फडात नेऊन विचारा, "बाबा, ही मोळी डोक्यावरून ट्रॉलीत चढवताना बाई पडते, काय करावं?" की तो गप्प. त्याचा दोष नाही. पुस्तकातल्या गणितात दिलेले आकडे वर लिहिलेले असतात आणि उत्तर मागच्या पानावर असते. इथे आकडे कुणी दिलेले नाहीत. मुळात गणित कोणते हेच शोधायचे आहे. माणसाच्या हातात देण्याची वस्तू कशी असावी, ती कोण वापरणार, कशाची करायची, किती किमतीत बसवायची, हे ठरविण्याच्या विद्येला प्रॉडक्ट डिझाइन म्हणतात. ती फळ्यावर शिकवता येत नाही. पोहणे विहिरीच्या काठावर बसून शिकवता येत नाही, तसलाच प्रकार.

या विद्येचा उल्लेख निघाला की आपल्या घरातल्या तांब्या-लोट्याची गोष्ट सांगतात. १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशभर फिरले आणि त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. हिंदुस्थानात पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत भावला तो साधा लोटा. असा लोटा आज नव्याने घडवायचा तर किती प्रश्न विचारावे लागतील, याची यादीच त्यांनी केली: पाणी किती मावावे, रिकामा आणि भरलेला तोल कसा राहावा, कमरेवर की डोक्यावर न्यायचा, ओतताना धार कशी पडावी, घासायला हात आत जातो का, धातू महाग झाला तर काय. लोटा कुणा एका माणसाने केला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी तो घासून घासून घडवला. नव्या वस्तूला मात्र इतक्या पिढ्या थांबता येत नाही, म्हणून हे प्रश्न विचारायला शिकवणारी शाळा पाहिजे. त्या अहवालामागून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली.

महाराष्ट्रात हे काम १९६९ साली पवईच्या आय. आय. टी. त सुरू झाले. तिथले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर हे पहिल्यापासून पदवी झालेल्या इंजिनियर आणि आर्किटेक्ट मुलांसाठी होते. त्याची उभारणी करणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले होते आणि पुढे जर्मनीत उल्म गावच्या प्रख्यात डिझाइन शाळेत. या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे प्रॉजेक्ट: एखाद्या कारखान्याची नाहीतर एखाद्या धंद्यातली खरी अडचण घ्यायची आणि तिच्यापाठी लागायचे. त्याच पवईला १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले, त्याला 'सितारा' म्हणतात. २००७ पासून तिथे एम. टेक. चा वर्ग आहे, आणि त्यातल्या मुलांना काही आठवडे खेड्यात मुक्काम करूनच अभ्यास करावा लागतो. पाणी, चूल, धान्य, रस्ता, जी गावाची नड तो त्यांचा धडा.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असाच एक वर्ग १९६७ पासून चालू आहे. मेकॅनिकलची पदवी झालेली तिघे-चौघे मुले एक गट करतात, एखादी कंपनी पैसे भरून आपली अडचण त्यांना देते आणि वर्षाअखेर चालते यंत्र मागते. गंमत अशी की, पहिल्या काही दिवसांत मुलांना पुठ्ठ्याची गाडी करायला लावतात आणि तिच्यावर माणूस बसवून शर्यत लावतात. पुठ्ठा मोडतो, माणूस आपटतो, सगळे हसतात. पण लवकर करून पाहणे आणि लवकर मोडणे स्वस्त पडते, हे आठवड्यात अंगी मुरते. पुढे वर्षाच्या मध्याला मुद्दाम एक चमत्कारिक, कुणालाच न पटणारी कल्पना घेऊन तिचा नमुना करायला सांगतात. त्यातून बहुधा काही निघत नाही. कधीमधी निघते ते मात्र नाव काढते.

आता घाट उतरून वेंगुर्ल्याला चला. ऊसवाल्यांना काजू कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात वरच्या माळरानाला ज्यांनी काजू लावला ते सभासद थोडे नाहीत, आणि त्यांची रोपे बहुतेक वेंगुर्ल्याच्या जातींचीच. तिथल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने १९७४ साली वेंगुर्ला-१ ही जात दिली, ती जवळच्याच अणसूरच्या झाडांतून निवडलेली. १९८१ साली वेंगुर्ला-४ आली, तिचे एक मूळ वेतोऱ्याचे. १९९७ साली आली वेंगुर्ला-७, आज माळावर दिसते ती टपोरी बी. आंब्यातली रत्नाही (१९८१) तिथलीच.

मागच्या हंगामात रोपे आणायला आम्ही गेलो, तेव्हा एका छोट्या काजू कारखान्यात उभे राहून काम पाहिले. वाळवलेली बी वाफेवर धरतात, मग गार होऊ देतात. पुढे फोडणी. टेबलावर बसवलेल्या यंत्राला बीच्या बाकासारखीच वळणदार दोन पाती. बाई डाव्या हाताने बी पात्यांत धरते, पायाने पेडल दाबते, पाती टरफलात रुततात, मग हाताने दांडा फिरवला की टरफल उघडते. आतला गर अख्खा निघाला तर सोने. दोन पाकळ्या झाल्या की भाव खाली आला. टरफलात जे तेल असते ते कातडी जाळते. हाताला राख किंवा खाद्यतेल चोळून बायका बसलेल्या, तरी बोटे काळी पडलेली. आमच्यातल्या एकाने विचारले, "हातमोजे का घालत नाही?" एक बाई हसून म्हणाली, मोजे घातले की बी हाताला लागत नाही, आणि मजुरी किलोवर आहे.

आमच्या मते त्या एका वाक्यात वर्षभराचा प्रॉजेक्ट आहे.

समजा, पदव्युत्तर वर्गातली तीन मुले तिथे आली आणि मालकाने सांगितले, "फोडणीचा वेग वाढवून द्या." कच्चा विद्यार्थी लगेच मोटार लावायला निघेल. चांगला मास्तर त्याला अडवील. म्हणेल, आधी आठ दिवस नुसते बसून बघ. घड्याळ लाव. एका बीला फोडायला किती क्षण, गर सुईने काढायला किती, तुकडे वेगळे करायला किती, बाई अंग ताठ करायला किती वेळा उठते. मग कदाचित असे दिसेल की पेडलमध्ये वेळ जातच नाही. वेळ जातो तो नीट न उघडलेल्या बीतून गर सोडवण्यात. बी नीट का उघडत नाही? कारण लहान-मोठी बी एकाच पात्यावर आली. इथे मोठा मुद्दा आहे. वेंगुर्ला-१ ची बी सरासरी सहा ग्रॅमच्या आसपास, तर वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची. गर साधारण तीस-एकतीस टक्के धरला तर पहिलीचे पौंडात सुमारे २४० गर बसतात आणि दुसरीचे दीडशेच. (बाजारात काजूला २४० नंबर, ३२० नंबर म्हणतात ते याच हिशेबाने, पौंडातल्या गरांच्या संख्येवरून.) बागेत जात बदलली की कारखान्यात पात्याचे माप बदलायला हवे. गावठी, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ अशी मिसळ पोत्यात आली तर आधी चाळणीने निवड हवी. म्हणजे मालकाने मागितला वेग आणि खरी नड निघाली निवडीची, नाहीतर झटकन बदलता येणाऱ्या पात्याची. मोज्याचा प्रश्न वेगळाच. बोटांना बी लागली पाहिजे आणि तेल लागता कामा नये. म्हणजे बी धरायला बोटाऐवजी दुसरे काही. चिमटा? वाटी? ते मुलांनी लाकडात, पुठ्ठ्यात करून त्या बाईच्याच हातात द्यायचे. तिने फेकून दिले तर दुसरे करायचे. परीक्षक ती बाई.

कोकणात हे घडलेलेही आहे. आंबा काढायचा जुना झेला म्हणजे काठीला कडे आणि जाळी. ओढला की आंबा देठातून तुटायचा, चीक सालीवर ओघळायचा आणि डाग पडून पेटीत भाव जायचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला, त्यात देठ कापणारे पाते आले आणि आंबा देठासकट जाळीत पडू लागला. पाहायला अगदी किरकोळ बदल. मोटार नाही, बॅटरी नाही. पण तो सुचायला आंबा कुठे डागाळतो हे आधी झाडाखाली उभे राहून कुणीतरी पाहिले असले पाहिजे.

मागितलेली अडचण एक आणि खरी दुसरी, याचा सर्वांत बोलका दाखला परदेशातून आला आहे. २००७ साली स्टॅनफर्डच्या एका वर्गात काही मुलांना काम दिले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी दवाखान्यातली पेटी, म्हणजे इनक्युबेटर, अगदी स्वस्त करून द्या. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला. तिथल्या शहरातल्या दवाखान्यात देणगीत मिळालेल्या पेट्या रिकाम्या पडलेल्या! बाळे दगावत होती ती दूरच्या खेड्यात, जिथे वीज नाही आणि दवाखाना गाठेपर्यंत वेळ निघून जातो. मुलांनी पेटीचा नाद सोडला आणि बाळाला गुंडाळायची एक दुलई केली, तिच्यात मेणासारख्या पदार्थाची पिशवी. ती एकदा तापवली की काही तास अंगाइतकी, ३७ अंशांची ऊब धरून ठेवते. पुढे ही मंडळी बंगळूरला येऊन त्याच कामाला लागली.

त्याच विद्यापीठातल्या अशाच एका वर्गातून २००८ च्या सुमारास एक विद्यार्थी इथिओपियातल्या लहान शेतकऱ्यांसाठी स्वस्त ठिबक करायच्या मागे लागला. महागडे ड्रिपर बसवण्याऐवजी पातळ नळीलाच लेझरने बारीक भोके पाडायची, अशी त्याची युक्ती. त्याची ड्रिपटेक कंपनी पुढे भारतात काम करू लागली आणि २०१५ साली आपल्या जळगावच्या जैन इरिगेशनने ती विकत घेतली. म्हणजे ज्याला आपण पोरांचा अभ्यास म्हणतो तो असा फिरून आपल्याच बांधावर येतो.

आता आपल्या मोळीकडे येऊ. हंगामाच्या पहिल्या दिवशी गव्हाणीत मोळी टाकून आपण नारळ फोडतो. गव्हाणीपाशी क्रेन आहे, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, आत बॉयलर-टर्बाइनचे नवेनवे नमुने येतात. फडात मात्र आजही तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन कोयत्याची बाई फळीवरून ट्रॉलीत चढते. रात्री गाडी लागली तर बॅटरीच्या उजेडात चढते. टोळ्या दरवर्षी कमी येतात, उचल घेऊन मुकादम फिरकत नाही, ऊस फडात वाळतो, आणि वाळलेल्या उसाचे वजन कुणाच्या खिशातून जाते ते सभासदांना सांगायला नको.

यावर सभेत नेहमी एकच मागणी येते: हार्वेस्टर आणा. ज्यांची सलग मोठी रानं आहेत आणि सरी रुंद आहे त्यांना तो उपयोगी पडतोच. पण वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे, मध्ये बांध, ओढा, चढ असल्या आपल्या रानात तो वळायलाच जागा नाही. आणि हार्वेस्टर हा मुलांच्या प्रॉजेक्टचा विषयही नव्हे. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी ज्यावर वर्षानुवर्षे पैसा ओतला ते काम तीन मुले एका वर्षात काय करणार? त्यांना द्यायचे ते कंपन्यांना किरकोळ वाटते आणि आपला जीव घेते असे काम. मोळी चढवणे हे असे आहे. बुडख्याला कोयता जमिनीलगत लागावा हे दुसरे. खालच्या कांड्यात साखर जास्त असते आणि वाकून वाकून कंबर गेली की कोयता आपोआप वर लागतो, धसकटात साखर राहते. खोडव्यात पाचट न जाळता सरीत दाबायचे लहान अवजार हे तिसरे.

मोळीचेच पाहा, मुलांनी काय काय विचारले पाहिजे. ट्रॉलीची फळी जमिनीपासून किती उंच? पाणी देऊन चार दिवस झालेल्या रानात चाक किती रुतते? ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तिथे मोकळेच उभे असते, त्याचा उपयोग होईल का? बैलगाडीवाल्या टोळीचे काय, तिला तर ट्रॅक्टर नाही. आणि सर्वांत अवघड प्रश्न: ते अवजार विकत कोण घेणार? टोळी घेणार नाही, तिचा हंगाम सहा महिन्यांचा. शेतकरी वर्षातून एकदा तोड देतो. मग ट्रॉलीमालक की कारखाना? याचे उत्तर आधी ठरले नाही तर अवजार कितीही नामी होवो, ते वर्कशॉपच्या भिंतीला टेकून गंजेल.

आणि सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांचे म्हणणे इथे खरे ठरते. असे पुष्कळ प्रॉजेक्ट वाया जातात. प्रदर्शनाच्या दिवशी यंत्र चालते, फोटो निघतो, जाडजूड अहवाल कपाटात जातो, मुले नोकरीला लागतात. आमच्या मते त्याची कारणे बहुतेक घेणाऱ्याकडेच असतात. कारखाना मुलांना नुसता एखादा जुना पंप दाखवतो आणि "काहीतरी सुधारणा करा" म्हणतो. कामगाराला त्यांच्याशी बोलायला सवड देत नाही. फिटरला विचारत नाही, आणि खरे सांगायचे तर तीस वर्षे पाना धरलेल्या फिटरइतका मोठा मास्तर या विद्येत दुसरा नाही.

वेळापत्रकाची अडचणही कुणाच्या ध्यानात येत नाही. कॉलेज पावसाळ्यात सुरू होते, गळीत दिवाळीच्या आगेमागे. मुले जानेवारीत आली तर बघता बघता हंगाम संपतो आणि नमुना तयार होतो तेव्हा फडात ऊसच नसतो. मुलांनी दसऱ्याला यावे, पहिला महिना टोळीबरोबर फडात काढावा, संक्रांतीपर्यंत लाकडी-लोखंडी कच्चा नमुना करावा आणि त्याच हंगामात तो चार टोळ्यांच्या हाती द्यावा. हे जमणार नसेल तर प्रॉजेक्ट घेऊच नये. अवजार चांगले निघाले तर त्याचा हक्क कुणाचा, दुसऱ्या कारखान्याला ते करू द्यायचे का, हेही कॉलेजशी आधीच लिहून ठेवावे.

खर्चाचे म्हणाल तर खोली, जेवण, भंगारातले लोखंड, एक मोडकी ट्रॉली आणि आठवड्यातून दोन दिवस एक फिटर एवढाच आहे. आपण सभासदांनी याहून मोठे पाऊल मागे उचललेले आहे. १९७५ साली राज्यातल्या सहकारी कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तेव्हाही "आमच्या पैशात शाळा कशाला" म्हणणारे असतीलच. आज तिचे बेणे आपण लावतो.

आणखी एक जुनी गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून बेळगावला आले, सायकलींचे दुकान घातले, कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा समज तेव्हा होता, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या मनात काय आहे तेही यंत्राचे एक मापच असते, आणि ते वर्गात बसून घेता येत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती हे माप घेतल्यावर.

तेव्हा पुढच्या सभेआधी सभासदांनी एक करावे. आपल्या रानातली, फडातली, गोठ्यातली किंवा काजूच्या बागेतली एक अडचण कागदावर लिहून द्यावी. यंत्र सुचवू नये, अडचणच लिहावी: काम कोण करते, दिवसातून किती वेळा करते, त्यात काय दुखते, काय वाया जाते, आज त्याला किती पैसे लागतात. बायकांनी लिहिलेले आले तर अधिक बरे, कारण निम्मी कामे त्यांच्याच हातची आहेत. नागपंचमीपर्यंत आलेले कागद शेती खाते आणि वर्कशॉप मिळून चाळतील आणि निवडक पाच अडचणी याच अंकात छापून सभेपुढे ठेवतील. कागद आपापल्या गट ऑफिसात द्यावेत. सही नसली तरी चालेल. गाव आणि गट नंबर मात्र लिहावा.